लांब दांडीची गोष्ट

"नोकरी गेली का रे?"

शनिवारी मी लोहारकाम करतो असं फोनवर सांगितल्यावर आईचा पहिला प्रश्न हाच होता. तिचंही बरोबर आहे. मुलाला इंजिनियर करायचं, कॅनडाला पाठवायचं, आणि त्याने तिथे जाऊन ऐरणीवर घण मारायचे, म्हणजे काहीतरी बिनसलं असलंच पाहिजे. नोकरी शाबूत आहे, हे सगळं हौसेखातर चाललंय, असं सांगितल्यावर ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हौसेला दुसरं काही मिळालं नाही का?"

मिळालं असतं. इथले माझे सहकारी हौसेने मासे पकडतात, बिअर गाळतात, जुन्या मोटारी उघडून ठेवतात आणि मग त्या मिटत नाहीत म्हणून वैतागतात. मी लोखंड तापवतो आणि त्यातून बार्बेक्यूची हत्यारं घडवतो: मांस उलटायचा दोन दात्यांचा लांब काटा, उलथणं, चिमटा, कबाबाच्या शिगा आणि निखारे सारखे करायची आकडेवाली सळई. मे महिन्यात व्हिक्टोरिया डेची सुट्टी आली की इथला माणूस अंगणातल्या शेगडीवरचं आच्छादन काढतो. जूनच्या तिसऱ्या रविवारी फादर्स डे असतो. या दोन दिवसांच्या मधे माझा वर्षाचा बहुतेक माल खपतो. वडिलांना काय द्यावं हा प्रश्न जगभरच्या मुलांना पडतो, त्याचं एक उत्तर मी विकतो.

पण आज सांगायचंय ते माझ्या धंद्याबद्दल नाही, या हत्यारांच्या दांडीबद्दल. ही दांडी दीड-दोन फूट लांब असते. आपल्याकडच्या उलथण्याची त्या मानाने वीतभरच. हा फरक का, असा साधा प्रश्न मला एकदा भट्टीसमोर पडला. त्याचं उत्तर शोधताना मी राहतो त्या ग्वेल्फ गावाचा अर्धा इतिहास हाताला लागला.

ग्वेल्फ टोरांटोच्या पश्चिमेला, गाडीने तासाभरावर आहे. त्याची जन्मतारीख अगदी पक्की ठाऊक आहे: २३ एप्रिल १८२७. जॉन गाल्ट नावाचा एक स्कॉटिश कादंबरीकार कॅनडा कंपनीच्या नोकरीत होता. जंगल घ्यायचं, तुकडे पाडायचे आणि वसाहतीला येणाऱ्यांना विकायचे, हा त्या कंपनीचा उद्योग. गाल्टने त्या दिवशी नदीकाठच्या जंगलात एक भलामोठा मेपल कुऱ्हाडीने पाडला आणि त्याच्या बुंध्यापासून पंख्याच्या काड्यांसारखे रस्ते आखले. गावाला नाव दिलं इंग्लंडच्या राजघराण्याच्या मूळ कुळाचं. लंडनच्या संचालकांना ते नाव मुळीच आवडलं नाही, पण तोवर उशीर झाला होता. दोन वर्षांनी गाल्टला परत बोलावलं आणि पुढे कर्जापायी तो तुरुंगातही गेला. गाव मात्र राहिलं.

त्या संध्याकाळी गाल्टबरोबर डॉ. विल्यम डनलॉप नावाचा एक धिप्पाड माणूस होता. त्याला सगळे 'टायगर' डनलॉप म्हणत. हे नाव त्याला कुठे मिळालं असेल? आपल्या देशात! बंगालच्या उपसागरालगतच्या सागर बेटावर वाघांचा बंदोबस्त करायच्या खटपटीत तो होता, त्यावरून. म्हणजे ग्वेल्फच्या जन्माला भारतात राहून गेलेला एक माणूस हजर होता. इथे येणारा आपण पहिलाच, अशी माझी उगाचच समजूत होती, ती त्या दिवशी गेली.

अशा जंगलात उतरलेल्या माणसाला सगळ्यात आधी कोण लागतो? लोहार. कुऱ्हाडीशिवाय झाड पडत नाही, साखळदंडाशिवाय ओंडका हलत नाही, आणि बैल-घोड्यांच्या पायाला नाल लागतो. घरात तर लोहाराशिवाय पानच हलत नसे. ओंडक्यांच्या त्या घरांत भिंतीतल्या मोठ्या आगटीवरच स्वयंपाक व्हायचा. जेवण शिजवणारा आणि घर ऊबदार ठेवणारा विस्तव एकच, आणि बाहेर उणे वीस. लाकूड तर इतकं की शेतासाठी जंगल साफ करताना झाडं नुसती जाळत, आणि राखेचा पोटॅश करून विकत. सरपणाची काटकसर कुणी करायची आणि कशाला? त्यामुळे आगटीत हातभर लांब ओंडके धडधडत असत. त्याच्याजवळ वाकलं की तोंड भाजे, आणि बाईच्या पायघोळ झग्याने पेट घ्यायची धास्ती. म्हणून काटा लांब, पळी लांब, झारा लांब. भांडं टांगायला भिंतीत फिरता लोखंडी दांडा, खाली तिवई. हे सगळं गावचा लोहार घडवी.

आता आपली चूल आठवा. तीन दगडांची किंवा मातीची, आत दोन काटक्या, नाहीतर गोवऱ्या. सरपण डोक्यावरून आणायचं, म्हणून विस्तव मोजून. बाई चुलीला लागून बसते, विस्तव तिच्या गुडघ्याशी असतो. लांब दांडीचं ती करणार काय? दांडीची लांबी लोहार ठरवत नाही, विस्तव ठरवतो. आणि विस्तव किती मोठा ते ठरतं थंडीवर आणि लाकडाच्या भावावर. माझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

मग ग्वेल्फच्या घरांतून ही लांब दांडी गेली कधी? बिडाचा बंद स्टोव्ह आला तेव्हा. एरी सरोवराच्या काठी नॉर्मनडेल इथे जोसेफ व्हॅन नॉर्मन याने १८२०च्या दशकातच दलदलीतल्या खनिजापासून बीड गाळून स्टोव्ह आणि कढया ओतायला सुरुवात केली होती. शतकाच्या मध्यापर्यंत स्टोव्ह सर्रास झाले. विस्तव लोखंडी पेटीत बंद झाला, बाई पेटीजवळ उभी राहू शकली, आणि फूटभर दांडी पुरू लागली. जुने लांब काटे आधी माळ्यावर गेले, मग भंगारात, आणि शेवटी संग्रहालयात.

लोहाराची बाकीची कामंही याच चालीने गेली. १८५६ साली ग्रँड ट्रंक रेल्वे ग्वेल्फला आली, आणि तयार माल तिच्यातून येऊ लागला. गावात कारखाने निघाले. १८५९ मध्ये जॉन इंग्लिसने भागीदारांबरोबर इथे पिठाच्या गिरण्यांची यंत्रं बनवायला घेतली. १८८१ साली त्याची कंपनी टोरांटोला गेली, दुसऱ्या महायुद्धात तिने ब्रेन बंदुका केल्या, आणि पुढे कपडे धुवायची यंत्रं. १८६२ मध्ये चार्ल्स रेमंड इथे आला आणि त्याने शिलाई यंत्रांचा मोठा कारखाना उभा केला. ज्याला लोखंडाचं काम येत होतं तो अशा कारखान्यात लागला. जो नाही लागला, त्याने घोड्यांना नाल मारले, आणि मोटारी आल्यावर त्याच दुकानात पेट्रोलचा पंप बसवला.

या गोष्टीतला विनोद असा, की लोहाराचा धंदा बुडवणाऱ्यांत लोहारच पुढे होते. अमेरिकेत १८३७ साली जॉन डिअर नावाच्या एका लोहाराने करवतीच्या मोडक्या पात्यापासून पोलादी नांगर केला. चिकट काळी माती त्या गुळगुळीत फाळाला चिकटेना, आणि त्यातून केवढी मोठी कंपनी झाली ते आपण बघतोच. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर लोहार नव्हते, पण बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर घरोघर गेला. लाकडी नांगराचा फाळ बोथट झाला की शेतकरी लोहाराकडे जाई. कारखान्याच्या नांगराचा फाळ झिजला की नट-बोल्ट काढायचे आणि नवा बसवायचा. लोहाराच्या दारची एक खेप कमी झाली. अशा खेपा कमी होत होतच त्याचं दार बंद झालं.

आमच्या आजोबांच्या वेळी फलटणजवळच्या आमच्या गावात लोहार बलुतेदार होता. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या पुस्तकात ही सगळी व्यवस्था वाचायला मिळते. सुतार, लोहार, महार, मांग ही बलुत्यांची थोरली कास. आजोबा सांगत की लोखंड आणि कोळसा आपणच न्यायचा, भाता ओढायलाही घरचाच गडी. वर्षभर काय मोडेल ते लोहाराने नीट करायचं, आणि खळ्यावर धान्याची रास पडली की त्याचा वाटा त्याने न्यायचा. विळ्याला किती आणि कुऱ्हाडीला किती, असा हिशेब नाही. ही व्यवस्था फार गोड होती असं मी म्हणणार नाही. लोहाराच्या पोराने लोहारच व्हायचं, त्याला ते आवडो न आवडो, आणि रास कमी पडली तर वाटाही कमी. 'हौस' हा शब्द त्यात कुठे बसत नाही.

इकडे तोवर विस्तव परत यायची तयारी चालली होती. बार्बेक्यू हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांचा, काठ्यांच्या मांडवाचा. स्पॅनिश लोकांनी त्याचं 'बार्बाकोआ' केलं. पण घरामागच्या अंगणातला बार्बेक्यू अगदी अलीकडचा. हेन्री फोर्डने १९२०च्या दशकात मिशिगनमध्ये, मोटारींसाठी लाकूड कापताना उरलेल्या भुशा-ढलप्यांपासून कोळशाच्या वड्या करायचा कारखाना काढला आणि त्या वड्या आपल्याच मोटार विक्रेत्यांकडून विकल्या. १९५२ साली शिकागोत जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करत होता. तिथे पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. त्याने तसला गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्याचं झाकण केलं. ती गोल शेगडी आज इथे घरोघरी दिसते.

म्हणजे शंभर वर्षं पेटीत कोंडलेला विस्तव पुन्हा उघड्यावर आला, आणि त्याच्याबरोबर लांब दांडीही. फरक एवढाच की १८२७ मध्ये ती गरज होती, आता ती मजा आहे. आणि ती आता कारखान्यात पत्रा ठोकून बनते.

लोहारही परत आला, तोही असाच मजेच्या वाटेने. अ‍ॅलेक्स बीलर या अमेरिकन माणसाने १९६९ साली लोहारकामावर एक पुस्तक लिहिलं, आणि १९७३ मध्ये जॉर्जिया राज्यात मोजक्या मंडळींनी उत्तर अमेरिकेतल्या कलावंत लोहारांची संघटना काढली. पुढे २०१५ पासून टीव्हीवर तलवारी घडवायच्या स्पर्धा सुरू झाल्या, आणि अंगणात ऐरण ठेवणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. त्यांतलाच मी एक. कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मला गुरू म्हणून भेटले. ग्वेल्फबाहेर एका शेतावर त्यांची शेड आहे, तिथे आम्ही शनिवारी जमतो. त्यांचा पहिला धडा: जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड भट्टीत घालायचं नाही, त्याचा धूर माणसाला आजारी पाडतो आणि जास्त झाला तर जीवही घेतो. दुसरा धडा: शेडमधला दिवा मंद कर.

हा दुसरा धडा मला फार आवडला. लोहारशाळा अंधारी का असते? गरिबीमुळे, असं मला लहानपणी वाटे. खरं कारण असं की लोहार लोखंडाचं तापमान रंगावरून ओळखतो, आणि उन्हात तो रंग दिसत नाही. आठशे अंशांच्या सुमाराला लाल, साडेनऊशेला केशरी, अकराशेच्या पुढे पिवळा. त्याहून पुढे गेलात तर लोखंड फुलबाजीसारख्या ठिणग्या टाकतं आणि जळून जातं. माझे पहिले तीन काटे असेच फुलबाजी झाले.

काटा करायची रीत सांगायला सोपी आहे. पाव इंचाहून थोडी जाड चौकोनी सळई घ्यायची, मऊ पोलादाची. टोकाकडे अडीच-तीन इंच मधोमध छन्नीने चिरायची, दोन फाटे उघडायचे, एकेक ठोकून निमुळता करायचा आणि पुन्हा जवळ आणायचा. दांडीचा मधला भाग लाल करून पीळ द्यायचा. तो शोभेलाही आणि हात घसरू नये म्हणूनही. शेवटी टांगायला कडं. गरम असतानाच तारेच्या ब्रशने खपली काढून खायचं तेल चोळायचं, म्हणजे काळी तुकतुकी येते आणि गंज धरत नाही. प्रत्येक वेळी भट्टीतून काढल्यावर वीस-तीस सेकंद मिळतात, तेवढ्यात काय ठोकायचं ते ठोका. इतकं सगळं करून मला एका काट्याला सव्वा तास लागतो.

आता हिशेब. लोखंड दोन डॉलरचं, गॅस चारचा. मी काटा पंचेचाळीस डॉलरला विकतो. बाजारात जागेचं भाडं, गाडीचं पेट्रोल, फुकट गेलेले काटे, हे धरलं तर तासाला माझ्या हाती येतं ते हॉटेलात भांडी विसळणाऱ्यापेक्षाही कमी. वर्षाला तीस हजार डॉलरच्या आत विक्री असेल तर इथे विक्रीकरासाठी नाव नोंदवावं लागत नाही. त्या आकड्याची मला कधी चिंता पडलेली नाही. मोठ्या दुकानात पंचवीस डॉलरला काटा, चिमटा, उलथणं असा चकचकीत संच मिळतो. तरी लोक माझ्याकडून घेतात, आणि घासाघीस करत नाहीत. उलट "हे तुम्ही स्वतः केलंत?" असं विचारून हातात तोलून बघतात. माझं पोट यावर नाही हे त्यांना ठाऊक असतं. बहुधा म्हणूनच ते इतक्या मोकळेपणाने पैसे देतात.

दुसऱ्या वर्षी एक गृहस्थ काटा परत घेऊन आले. एक दाता मुळाशी मोडला होता. दोष सरळसरळ माझा होता. चीर जिथे संपते तिथे मी आधी गोल भोक पाडलं नव्हतं, कोपरा टोकदार राहिला, आणि भेग तिथूनच सुरू झाली. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षात ताणाचं केंद्रीकरण शिकून पास झालेला मी! त्यांना नवा काटा दिला. ते काही बोलले नाहीत, पण मला आमच्या गावचा लोहार आठवला. त्याचा फाळ मोडला तर शेतकरी दुसऱ्या दिवशी दारात, आणि पुढच्या वर्षी खळ्यावर तोच शेतकरी. चुकलेलं काम त्याला आयुष्यभर रोज भेटत असणार.

आणि आणखी एक आठवण वर आली, ती इतकी चांगली नाही. १९८०च्या दशकात आमच्या गावच्या बाजाराच्या वाटेवर घिसाडी लोक पाल ठोकून बसत. जमिनीत खड्डा करून भट्टी, बाजूला ऐरण. पुरुष सांडशीत लोखंड धरून बसलेला, आणि बाई उभी राहून घण मारत असलेली, कधी पाठीला पोर बांधून. 'साधी माणसं' या १९६५ सालच्या चित्रपटातली लोहाराची जोडी आपण डोळे पुसत पाहिली, पण रस्त्यावरच्या या जोडीशी आम्ही भाव केला. आईने एक उलथणं उचललं. बाई आठ रुपये म्हणाली. आई पाच म्हणाली, चार पावलं पुढे गेली, आणि बाईने हाक मारून सहाला दिलं. मी दहा-अकरा वर्षांचा होतो, आईच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं. आईला दोष देत नाही. तिच्या हातात महिन्याचे मोजके रुपये होते, आणि बाजारात कारखान्याचं उलथणं त्याहून स्वस्त मिळत होतं.

पण सव्वा तास घण मारल्यावर खांदा कसा भरून येतो ते आता मला माहीत आहे. ते दोन रुपये माझ्या खांद्यात दुखतात.

दोन वर्षांपूर्वी गावी गेलो होतो. फलटणच्या रस्त्याला एक घिसाड्यांचं पाल दिसलं, गाडी थांबवली. भाता जाऊन विजेवरचा पंखा आला होता, बाकी सगळं तसंच. म्हातारी सांडशी धरून होती आणि सून घण मारत होती. मी बघत उभा राहिलो. एका तापात खुरप्याचं पातं तयार! मला चार ताप लागले असते. एक उलथणं घेतलं. म्हातारी एकशे वीस म्हणाली, मी एकशे वीस दिले. तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं, बहुधा दीडशे म्हणायला हवं होतं असं तिला वाटलं.

"मावशी, मी पण हेच काम करतो," मी म्हणालो. तिला ते अर्थातच खरं वाटलं नाही. मग मोबाईलवर माझ्या काट्याचा फोटो दाखवला. तिने फोन लांब धरला, डोळे बारीक करून नीट पाहिलं. पीळ बघून मान हलवली. मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. मग ती म्हणाली, "काम बरं हाय. पर दांडी एवढी लांब कशाला, दादा? तिकडची मानसं इस्तवाला भित्यात व्हय?"

मी तिला गाल्ट, आगटी, स्टोव्ह, वेबर यातलं काहीच सांगितलं नाही. तिच्या पायापासून हातभर अंतरावर निखारे फुलले होते.

"व्हय," म्हटलं, "भित्यात."